खोपटातला वाचक: 'फ्रँकेनस्टाइन'मधील निनावी जीव आणि 'पॅराडाइज लॉस्ट'

मेरी शेली यांच्या 'फ्रँकेनस्टाइन' या कादंबरीत ऑगस्ट महिन्याच्या आरंभी एक घटना घडते. जर्मनीतील एका एकाकी घराच्या मागील भिंतीला टेकून उभारलेल्या खोपटात आठ फूट उंचीचा एक जीव लपून राहत आहे. त्याला कोणी नाव दिलेले नाही. रात्रीच्या वेळी जवळच्या रानात खाण्याजोगे काही आणि सरपण गोळा करायला तो जातो, तेव्हा त्याला वाटेत एक चामडी पेटी पडलेली आढळते. पेटीत काही कपडे आहेत आणि तीन पुस्तके आहेत: प्लूटार्कने लिहिलेल्या चरित्रांचा एक खंड, गटेची वेर्थरविषयीची कादंबरी आणि जॉन मिल्टनचे महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट'. पहिल्या दोन पुस्तकांनी त्याला थोर विचारांची आणि खिन्नतेची ओळख होते. तिसऱ्याचा परिणाम फार खोलवर जातो, कारण ते तो काव्य म्हणून वाचत नाही. हातात आलेले प्रत्येक पुस्तक खरा इतिहास मानण्याची त्याची रीत आहे, आणि त्यामुळे सर्वशक्तिमान देव आपल्याच निर्मितीशी झगडतो आहे, ही घडून गेलेली हकिगत आहे असे समजून तो ते वाचतो.

या अभ्यासाचा विषय एवढाच आहे. एका वाचकाने एक महाकाव्य खरे मानून वाचले, त्यातील पात्रांमध्ये स्वतःची जागा शोधली, ती कुठेही नीट बसली नाही, आणि त्या न बसण्यातूनच त्याने आपल्या निर्मात्याविरुद्ध तक्रार उभी केली. या दोन कृतींमधील साम्यस्थळे दाखवणे कठीण नाही, कारण लेखिकेने ती लपवलेलीच नाहीत. माझ्या मते महत्त्वाची आहे ती साम्य तुटण्याची जागा. मिल्टनच्या विश्वात कोणीही संवादाविना राहत नाही, आणि या जीवाला मात्र तो कोणीच देत नाही. कादंबरीचे सारे दुःख या एका फरकातून निघते.

पार्श्वभूमी

'पॅराडाइज लॉस्ट' प्रथम 1667 मध्ये दहा सर्गांत प्रसिद्ध झाले आणि 1674 मध्ये त्याची बारा सर्गांत पुनर्रचना झाली. सैतानाचे बंड, त्याचे नरकात कोसळणे, आदाम आणि हव्वा यांची निर्मिती, निषिद्ध फळ आणि एदेन बागेतून हकालपट्टी हा त्याचा कथाविषय आहे. बायबलमधील हीच कथा मराठीला महाकाव्यरूपाने याआधीच ठाऊक झाली होती; फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात 1616 साली छापले गेले. स्टीफन्स यांचा हेतू मात्र नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्यांना कथा समजावण्याचा होता. मिल्टनने उघडपणे देवाचा न्याय माणसापुढे सिद्ध करण्याचा विडा उचलला, आणि ज्याचा न्याय सिद्ध करायचा त्याच्यावर आधी आरोप ऐकून घ्यावे लागतात. म्हणूनच त्याच्या काव्यात तक्रारीचे स्वर इतके प्रभावी आहेत.

मेरी शेली यांच्या घरात या तक्रारखोर स्वरांचे चाहते भरपूर होते. त्यांचे वडील विल्यम गॉडविन यांनी 1793 च्या आपल्या राजकीय ग्रंथात मिल्टनच्या सैतानाच्या बंडामागे विषमतेविरुद्धचा विचार पाहिला होता. त्यांचे पती पर्सी शेली यांनी पुढे 1821 मध्ये लिहिलेल्या काव्यविषयक निबंधात, नैतिकदृष्ट्या मिल्टनचा सैतान त्याच्या देवापेक्षा श्रेष्ठ ठरतो असे म्हटले. आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांनी 1792 मध्ये वेगळाच आक्षेप घेतला होता: मिल्टनची हव्वा केवळ मृदुता आणि मोहक लावण्य यांसाठीच घडवलेली दिसते, हे त्यांना मान्य नव्हते. लेकीच्या जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत, सप्टेंबर 1797 मध्ये, त्या निवर्तल्या. मेरी शेली यांच्या रोजनिशीतील 1815 आणि 1816 या दोन्ही वर्षांच्या वाचनयाद्यांत 'पॅराडाइज लॉस्ट' आहे. याच काळात, 1815 च्या मार्चमध्ये, त्यांचे अकाली जन्मलेले पहिले मूल दगावले होते आणि 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी कादंबरीची कल्पना त्यांना सुचली.

1 जानेवारी 1818 रोजी कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर मिल्टनच्या दहाव्या सर्गातील तीन ओळी होत्या. भोवती सैतानाची वाखाणणी चाललेली असताना या तरुण लेखिकेने निवडलेल्या ओळी मात्र आदामाच्या आहेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. फळ खाऊन झाल्यावर, शिक्षा ऐकून झाल्यावर, जमिनीवर पडलेला आदाम विचारतो: निर्मात्या, मला मातीतून माणूस घडव अशी विनंती मी तुला केली होती का, मला अंधारातून वर आण म्हणून तुझ्याकडे गयावया केली होती का? हा प्रश्न बंडखोराचा नाही. न मागता जन्माला घातलेल्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

दोन जागृती

आठव्या सर्गात आदाम आपल्या पहिल्या क्षणाची आठवण देवदूत रॅफेलला सांगतो. गाढ झोपेतून जागे व्हावे तसा तो फुलांच्या गवतावर डोळे उघडतो. अंगावर घाम आहे, तो सूर्याच्या उबेने वाळतो आहे. त्याची नजर आपोआप आकाशाकडे जाते, तो झटकन उभा राहतो, टेकड्या, दऱ्या, झरे आणि पाखरे पाहतो. बोलू पाहतो आणि बोलू शकतो. दिसेल त्याला नाव देऊ शकतो. सूर्याला आणि पृथ्वीला तो विचारतो की मी येथे कसा आलो, आणि लगेच स्वतःच उत्तर शोधतो: स्वतःहून नव्हे, म्हणजे कोणीतरी थोर निर्माता असलाच पाहिजे. यानंतर स्वप्नात एक दिव्य आकृती येऊन त्याला सांगते की ऊठ, तुझे घर तुझी वाट पाहते आहे, आणि त्याचा हात धरून ती त्याला बागेत नेते.

कादंबरीतील जीव आपली पहिली आठवण आपल्या निर्मात्याला, व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन या तरुण शास्त्रज्ञाला, सांगतो ती याच क्रमाने, पण प्रत्येक पायरीवर उलटी. प्रकाश त्याला आनंद देत नाही, तो डोळ्यांवर दाबतो. पाहणे, ऐकणे, वास, स्पर्श सगळे एकात एक मिसळलेले आहे. जेथे व्हिक्टरने त्याला घडवले त्या इंगोलस्टाटजवळच्या रानात भूक आणि थंडी सोसत तो बसून रडतो. झाडांमागून चंद्र उगवतो तेव्हा त्याला प्रथमच काही सुंदर वाटते. पक्ष्यांसारखे गाण्याचा प्रयत्न तो करतो, पण गळ्यातून निघालेले विचित्र स्वर ऐकून स्वतःच घाबरतो आणि गप्प होतो. आदामाला भाषा जन्मतः लाभली; याला ती भिंतीच्या फटीतून, दुसऱ्याच कोणाला दिलेले धडे ऐकून चोरावी लागते. खोपटालगतच्या घरात राहणाऱ्या डी लेसी कुटुंबातील फेलिक्स साफी या परदेशी तरुणीला शिकवत असतो आणि खोपटात बसलेला हा जीव तिच्याबरोबर शिकत असतो.

हात पुढे करण्याचा प्रसंगही दोन्हीकडे आहे. पहिल्या रात्री हा जीव व्हिक्टरच्या बिछान्याशी येतो, पडदा बाजूला करतो, काही अस्फुट आवाज काढतो आणि हात पुढे करतो. निर्माता पळून जातो. दोन वर्षे राबून, सुंदर अवयव निवडून घडवलेल्या देहाने पिवळसर डोळा उघडताच व्हिक्टरला किळस आलेली असते. कादंबरीत यानंतर जे जे भयानक घडते त्याची मुळे प्रेतांचे अवयव जोडण्याच्या प्रयोगात शोधण्याची प्रथा आहे, पण मजकूर नीट वाचल्यास लेखिकेने बोट ठेवले आहे ते या पळून जाण्यावर, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचनाचा परिणाम

महाकाव्य वाचताना तो जीव स्वतःला आधी आदामाच्या जागी ठेवून पाहतो. आदामासारखाच तोही कोणाशीच नात्याने बांधलेला नाही. पण लगेच त्याला फरक दिसतो: आदाम देवाच्या हातून परिपूर्ण, सुखी आणि निर्मात्याच्या खास देखरेखीखाली बाहेर पडला, त्याला श्रेष्ठ जीवांशी बोलण्याची आणि त्यांच्याकडून शिकण्याची मुभा होती. मग त्याला सैतान अधिक जवळचा वाटतो, कारण फटीतून डी लेसींचे सुख पाहताना त्याच्याही मनात हेव्याची कडवट उबळ येते, जशी चौथ्या सर्गात आदाम आणि हव्वेला एकत्र पाहून सैतानाच्या मनात येते. पण सैतानही पुरता जुळत नाही. सैतानाला त्याचे कौतुक करणारे, त्याला धीर देणारे साथीदार आहेत. दुसऱ्या सर्गात तर अख्खी सभा भरते. याच्याजवळ कोणीही नाही.

याच काळात प्रयोगशाळेतून घातलेल्या अंगरख्याच्या खिशातील कागद त्याला वाचता येऊ लागतात. ती व्हिक्टरची रोजनिशी असते, त्याच्या निर्मितीपूर्वीच्या चार महिन्यांची. दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवावीत तसा हा योग लेखिकेने जुळवून आणला आहे: एकात देव माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे सुंदर घडवतो, दुसऱ्यात एक माणूस स्वतःच्या हाताने घडवलेल्या रूपाची किळस नोंदवतो. आपले रूप निर्मात्याच्या रूपाची घाणेरडी नक्कल आहे, असा निष्कर्ष हा जीव काढतो. महाकाव्याने त्याला निर्माता कसा असावा हे सांगितले आणि रोजनिशीने त्याचा निर्माता कसा आहे हे सांगितले. त्याच्या क्रोधाला इतर कारणे असतीलही, पण त्या क्रोधाला युक्तिवादाचे रूप या दोन वाचनांनी दिले.

एक भूमिका मात्र त्याने स्वतःहून कधीच पाहिली नाही, ती हव्वेची. चौथ्या सर्गात हव्वा आपल्या पहिल्या जागृतीची आठवण सांगते: तळ्यात वाकून पाहताना तिला आकृती दिसते, ती दचकून मागे सरते, आकृतीही सरते, मग दोघी आनंदाने पुन्हा समोर येतात, आणि एक आवाज तिला सांगतो की ही तूच आहेस, आता माझ्यामागून ये. पुस्तक हाती येण्याआधीच हा जीवही पाण्यात पाहून दचकलेला असतो. तो आवाज त्याच्याकडे येत नाही. आपणच ते कुरूप आहोत हे त्याला एकट्यानेच मान्य करावे लागते. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान ग्युबार या समीक्षकांनी 1979 मध्ये या कादंबरीकडे मिल्टनच्या एका स्त्रीवाचकाने दिलेले उत्तर म्हणून पाहिले आणि या जीवात हव्वेची छाया दाखवली. त्यांचे सारे तपशील मला पटतात असे नाही, पण आईविना असलेल्या, रूपावरून जोखल्या जाणाऱ्या आणि दुसऱ्याच्या गरजेसाठी घडवल्या गेलेल्या या जीवाच्या कहाणीत स्त्रीच्या अनुभवाचा वाटा आहे, हे तळ्याच्या प्रसंगानंतर नाकारता येत नाही.

पुढे घडते ते थोडक्यात सांगता येईल. घरची मंडळी फिरायला गेलेली पाहून तो अंध वृद्ध डी लेसीकडे जातो. मिल्टननेही हे काव्य अंधत्वातच रचले होते. या जीवाचे बोलणे ममतेने ऐकणारा कादंबरीतील एकमेव माणूस डोळ्यांनी पाहू न शकणारा आहे. मग फेलिक्स परततो, त्याला जमिनीवर पाडून काठीने मारतो. उलट हात न उगारता तो निघून जातो, पण रात्री म्हणतो की त्या महासैतानाप्रमाणे मीही आपल्या आत नरक वाहत होतो. कुटुंब घर सोडून गेल्यावर तो ते पेटवतो, आणि जग समोर पसरले आहे, पावले कुठे वळवावीत, असे त्याच्या तोंडी येते. मिल्टनच्या अखेरच्या ओळींतही आदाम आणि हव्वेसमोर सारे जग पसरलेले आहे. पण ती दोघे हातात हात घालून निघतात आणि दैवी कृपा त्यांची वाटाडी आहे.

हिमनदीवरील सुनावणी

आल्प्समधील मों ब्लांच्या परिसरातील मेर द ग्लास या हिमनदीवर निर्माता आणि निर्मिती अखेर समोरासमोर येतात. मी तुझा आदाम व्हायला हवा होतो, पण मी तो पतित देवदूत ठरलो ज्याला तू काही अपराध नसताना आनंदातून हाकललेस, असे तो जीव सांगतो. निर्मात्याचीही निर्मितीप्रती काही कर्तव्ये असतात हे व्हिक्टरला येथे प्रथमच जाणवते, अशी कबुली कादंबरी देते.

मग जीव आपली मागणी मांडतो: माझ्यासारखीच कुरूप अशी एक सहचरी मला घडवून दे. या मागणीमागे आठवा सर्ग उभा आहे. तेथे आदामही देवाकडे सहचर मागतो. पृथ्वी नाना प्राण्यांनी भरलेली असताना तू एकटा कसा, असे देव विचारतो. विषम जीवांमध्ये सोबत आणि खरा आनंद कसा संभवेल, असे आदाम उत्तर देतो. मग मी तर अनादी काळापासून एकटाच आहे, माझ्याविषयी काय म्हणशील, असा पेच देव टाकतो, आणि तू परिपूर्ण आहेस, माणूस तसा नाही, असे आदाम नम्रपणे सांगतो. देव संतुष्ट होतो. ही परीक्षा होती, माणसाने एकटे असू नये हे तू बोलण्याआधीच मला ठाऊक होते, असे तो म्हणतो. संपूर्ण काव्यात मला सर्वाधिक प्रिय असलेला हा प्रसंग आहे, कारण येथे निर्माता निर्मितीला वाद घालू देतो आणि तिच्या तर्काने प्रसन्न होतो.

व्हिक्टरलाही या जीवाच्या युक्तिवादात काही न्याय आहे असे वाटते आणि तो वचन देतो. पण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर अर्धवट घडवलेली ती सहचरी तो आपल्या हातांनी फाडून टाकतो, आणि खिडकीतून तो जीव ते पाहत असतो. व्हिक्टरने स्वतःला दिलेली कारणे तपासण्याजोगी आहेत. दोघांपासून सैतानांची प्रजा निर्माण होईल ही भीती त्यात आहेच. पण तिच्याआधी दुसरी शंका येते: तीही विचार करणारी, तर्क करणारी होईल, आणि आपल्या निर्मितीपूर्वी इतरांनी केलेला करार पाळायला ती कदाचित नकार देईल. म्हणजे ज्या स्वातंत्र्यामुळे ती व्यक्ती ठरली असती, त्याच स्वातंत्र्याच्या धास्तीने तिला जन्मण्यापूर्वी नष्ट केले गेले. तिसऱ्या सर्गातील मिल्टनचा देव माणूस पडणार हे जाणून आहे, तरी त्याला मुक्त घडवतो. उभे राहण्यास समर्थ, पण पडण्यास स्वतंत्र. देवाचा तो निर्णय कठोर वाटू शकतो आणि मिल्टनच्या अनेक वाचकांना तो वाटलाही आहे. व्हिक्टरच्या निर्णयाशेजारी ठेवल्यावर मात्र त्यातला विश्वास दिसू लागतो.

जीवाच्या बाजूतील उणीव

येथवर आलेला वाचक या जीवाच्या बाजूने झुकतो, आणि लेखिकेची तशी योजनाही आहे. परंतु हिमनदीवरील भेटीपूर्वीच त्याने व्हिक्टरचा लहानगा भाऊ विल्यम याचा गळा दाबलेला असतो आणि तो आळ त्या घरातील निरपराध सेविका जस्टिनवर येईल अशी व्यवस्था केलेली असते. 1831 च्या सुधारित आवृत्तीत लेखिकेने येथे एक प्रसंग वाढवला: कोठारात झोपलेल्या जस्टिनच्या कानाशी वाकून तो 'जागी हो, सुंदरी, तुझा प्रियकर जवळ आहे' असे कुजबुजतो. पाचव्या सर्गात आदाम हव्वेला जवळजवळ अशाच शब्दांनी उठवतो. आणि त्याआधी चौथ्या सर्गात सैतान बेडकाच्या रूपात तिच्या कानाशी बसलेला असतो. प्रियकराचे शब्द आणि सैतानाची जागा या एका क्षणात एकत्र येतात. आपण कोणती भूमिका निवडली हे त्या जीवाला या क्षणी ठाऊक आहे.

कादंबरीच्या शेवटी, व्हिक्टरच्या प्रेताशेजारी उभा राहून, तो वॉल्टनला, म्हणजे व्हिक्टरला आपल्या जहाजावर आसरा देणाऱ्या उत्तर ध्रुवाच्या शोधातील प्रवाशाला, सांगतो की त्यानंतर दुष्टपणाच माझे सुकृत झाला. हा सैतानाच्या प्रसिद्ध वाक्याचा प्रतिध्वनी आहे. सैतान मात्र ते वाक्य पश्चात्तापाचा मार्ग आहे का, याचा प्रामाणिक विचार करून, तो मार्ग नाकारताना उच्चारतो. तो निर्णय असतो. हा जीव म्हणतो की मला घृणा असलेल्या आवेगाचा मी मालक नव्हतो, गुलाम होतो. 'पॅराडाइज लॉस्ट' इतिहास म्हणून वाचण्याचा धोका येथे उघड होतो: काव्यात जे पात्राने निवडले, ते या वाचकाला आधीच लिहून ठेवलेल्या विधिलिखितासारखे वाटते.

मुखपृष्ठावरील ओळींचेही तसेच आहे. दहाव्या सर्गात आदामाचा प्रश्न त्या तीन ओळींवर संपत नाही. थोड्याच ओळींनंतर तो स्वतःला विचारतो की तुझ्याच मुलाने, मला जन्म का दिलास, असे उद्धटपणे म्हटले तर तू ते ऐकून घेशील का, आणि देवाने तर तुला आपल्या इच्छेने घडवले. मग तो देवाचा न्याय मान्य करतो. तरीही त्याला या तर्काने शांती मिळत नाही; ती मिळते हव्वेमुळे. तो तिला झिडकारतो, ती पायाशी बसून क्षमा मागते आणि दोष स्वतःवर घेते, आणि मग दोघे मिळून उठतात. मेरी शेली यांनी प्रश्न उचलला, उत्तर मागे ठेवले, आणि ज्याच्यासाठी तो उचलला त्याची हव्वा ऑर्कनीत नष्ट होऊ दिली. यात मिल्टनचा विपर्यास झाला असे मी मानत नाही. मिल्टनच्या उत्तराला कोणती माणसे लागतात हे त्यांनी अचूक ओळखले होते.

व्हिक्टरही स्वतःसाठी त्याच काव्यातून उपमा घेतो. एकदा तो सफरचंद खाऊन झाल्याची भाषा करतो, एकदा सर्वशक्तिमान होऊ पाहणाऱ्या देवदूताप्रमाणे आपण अखंड नरकात जखडलो आहोत असे म्हणतो. देवाची भूमिका बजावून तो पतिताची सहानुभूती मागतो. उत्तरेच्या बर्फात अडकलेल्या जहाजावर मरणापूर्वी तो वॉल्टनला सांगतो की मागील वर्तन तपासून पाहिले आणि ते दोषास्पद वाटले नाही. त्या जीवाचे सुख सांभाळणे हे आपले कर्तव्य होते, पण मानवजातीप्रती असलेले कर्तव्य त्याहून मोठे होते. तिसऱ्या सर्गात मिल्टनचा देवही स्वतःला निर्दोष ठरवतो: दोष माणसाचाच, कारण जे देता येणे शक्य होते ते सारे त्याला माझ्याकडून मिळाले होते. हा दावा मान्य करणे न करणे वाचकावर आहे, परंतु देवाकडे निदान मोजून दाखवण्यासारखे काहीतरी आहे: बाग, भाषा, सहचरी, रॅफेलची सोबत आणि हकालपट्टीच्या दिवशीही भविष्य समजावून सांगणारा देवदूत मायकेल. व्हिक्टरने आपल्या निर्मितीला यांपैकी काहीही दिले नाही. एक दीर्घ संभाषण आणि मोडलेले वचन एवढेच त्याच्या बाजूला मांडता येते, आणि ते संभाषणही त्या जीवाला हिमनदीवर वाट अडवून मिळवावे लागले.